तिसऱ्या डॉक्टरचं मत: माउंट व्हर्नन, १४ डिसेंबर १७९९

दुपारचे तीन वाजले होते. माउंट व्हर्ननच्या माडीवरच्या खोलीत सकाळपासून तीनदा हाताची शीर उघडून रक्त काढून झालं होतं. गळ्याला बाहेरून फोड उठवणारा लेप लावलेला होता. पेशंट ६७ वर्षांचा, सहा फुटांहून उंच, हाडापेराने दणकट. आता मात्र एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता आणि शब्द फुटायलाही कष्ट पडत होते. अशा वेळी अलेक्झांड्रिया गावातून घोडा दामटत डॉ. एलिशा कलन डिक आले. वय ३७. पेशंटचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

या दिवसाची गोष्ट सांगताना बहुतेक जण काढलेल्या रक्ताचा आकडा सांगून थांबतात. आकडा सांगायलाच हवा, आणि तो पुढे येईलच. पण माझं लक्ष दर वेळी त्या खोलीतल्या सर्वांत तरुण डॉक्टरकडे जातं. त्याने वेळेवर दोन गोष्टी सांगितल्या: आता रक्त काढू नका, आणि श्वासनळीला छेद द्या. दोन्ही नाकारल्या गेल्या. नाकारणारी माणसं मूर्ख नव्हती, निष्काळजी तर अजिबात नव्हती. म्हणून हे प्रकरण डॉक्टरांनी आणि डॉक्टर नसलेल्यांनीही नीट वाचण्याजोगं आहे.

डिक कोण होते

जन्म १७६२ चा, पेनसिल्व्हेनियात, डेलावेअर नदीकाठच्या मार्कस हूकजवळ. वैद्यकीचं शिक्षण फिलाडेल्फियात बेंजामिन रश आणि विल्यम शिपेन यांच्या हाताखाली. शिक्षण संपवून १७८० च्या दशकात ते व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात स्थायिक झाले. पोटोमॅक नदीवरचं हे बंदर तंबाखू, गहू आणि पिठाच्या व्यापारावर वाढत होतं. १८०० साली गावाची वस्ती जेमतेम ५,००० होती.

एवढ्याशा गावात शिकलेल्या डॉक्टरच्या अंगावर गावकीची कामं आपोआप येतात. डिक यांच्याही आली. १७९१ मध्ये नव्या राजधानीच्या हद्दीचा पहिला दगड जोन्स पॉइंटला बसवला, त्या समारंभात ते अलेक्झांड्रियाच्या मेसन लॉजचे, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या गावातल्या शाखेचे, प्रमुख म्हणून पुढे होते. त्या पदावर त्यांच्या आधी वॉशिंग्टनच होते. १७९४ मध्ये दारूवरच्या कराविरुद्ध झालेल्या व्हिस्की बंडाच्या वेळी ते घोडदळ घेऊन बाहेर पडले. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या क्वारंटाइनचे अधीक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. १८०४ मध्ये ते गावाचे महापौर झाले. थोडक्यात, १७९९ मध्ये माउंट व्हर्ननला आलेला हा तरुण कुणी नवशिका नव्हता. जबाबदारी घेण्याची त्याला सवय होती.

दोन दिवस आणि एक पहाट

गुरुवार, १२ डिसेंबर. वॉशिंग्टन नेहमीप्रमाणे घोड्यावरून मळ्यांची पाहणी करायला गेले. आधी हिमवर्षाव, मग गारा, मग थंड पाऊस. परतल्यावर ओल्या कपड्यांनिशीच जेवायला बसले. शुक्रवारी घसा दुखायला लागला. बाहेर तीन इंच बर्फ साचलेलं, तरी दुपारी ते तोडायच्या झाडांवर खुणा करायला गेले. संध्याकाळी आवाज बसला होता. सचिव टोबायस लिअर यांनी काही औषध घ्या म्हटलं, तर उत्तर मिळालं, सर्दीसाठी मी कधी काही घेत नाही, आली तशी जाऊ दे.

रात्री दोन-तीनच्या सुमारास वॉशिंग्टनना जाग आली ती थंडी भरून आणि श्वास अडकून. पत्नी मार्था उठून कुणाला तरी बोलवायला निघाल्या. नुकत्याच त्या एका आजारातून उठल्या होत्या, थंडीत बाहेर पडून पुन्हा आजारी पडतील म्हणून त्यांनी मार्थाबाईंना जाऊ दिलं नाही. उजाडताना कॅरोलाइन ही गुलाम मोलकरीण शेकोटी पेटवायला आली, तेव्हा घर जागं झालं. म्हणजे तीन-चार तास असेच गेले.

काकवी, व्हिनेगर आणि लोणी एकत्र करून दिलं. थेंबभरही गिळता येईना. गिळायला गेले की गुदमरायचे, अंगाला झटके यायचे. डॉक्टर यायच्या आत शीर उघडायला मळ्यावरचा मुकादम जॉर्ज रॉलिन्स याला बोलावलं. त्याचा हात कापत होता. मालक म्हणाले, घाबरू नकोस. शीर उघडल्यावर म्हणाले, छेद पुरेसा मोठा नाही.

इथे एक क्षण थांबून बघायला हवा. मार्थाबाईंनी लिअर यांना विनवलं की फार रक्त जाऊ देऊ नका, त्रास होईल, थांबवा. लिअर दंडाला बांधलेली दोरी सोडायला वाकले. वॉशिंग्टननी हात वर करून त्यांना अडवलं आणि बोलता येताच म्हणाले, अजून.

त्या दिवशी त्या खोलीत ‘पुरे’ म्हणणारी माणसं दोनच. सकाळी मार्थाबाई, दुपारी डिक. पहिल्यांदा खुद्द पेशंटने नकार दिला, दुसऱ्यांदा त्याच्या मित्रांनी.

सकाळी नवाच्या आसपास डॉ. जेम्स क्रेक आले. वय ६९. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले. १७५४ च्या फोर्ट नेसेसिटीच्या लढाईपासून वॉशिंग्टनसोबत असलेले, म्हणजे ४५ वर्षांची मैत्री. त्यांनी गळ्यावर कँथॅराइडिसचा लेप लावला. हा वाळलेल्या भुंग्यांच्या भुकटीचा लेप कातडीवर फोड उठवतो. मग पुन्हा रक्त काढलं. व्हिनेगरची वाफ दिली. व्हिनेगर आणि सेज या वनस्पतीच्या काढ्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. गुळणीसाठी मान मागे टाकताच पेशंट गुदमरून जाण्याच्या बेतात आला. अकराच्या सुमारास आणखी एकदा रक्त काढलं.

मेरीलँडमधल्या पोर्ट टोबॅकोचे डॉ. गस्टेव्हस ब्राउन यांना निरोप गेला होता. प्रसंग गंभीर असला तर त्यांना बोलवा असं क्रेक यांनीच पूर्वी सांगून ठेवलं होतं. पण नदीपलीकडून ते वेळेत पोहोचतील की नाही, ही धास्ती होती. म्हणून अकरा वाजता क्रेक म्हणाले, अलेक्झांड्रियाच्या डिकनाही बोलवा. डिक यांची जागा इथेच ठरून गेली. ते आले ते दुसरा येईल की नाही या शंकेपोटी बोलावलेले म्हणून.

सल्लामसलत

डिक आणि ब्राउन थोड्याच अंतराने पोहोचले. डिक आल्यावर क्रेक यांच्याशी काही मिनिटं बोलणं झालं आणि चौथ्यांदा शीर उघडली गेली. या वेळी सुमारे ३२ औंस, म्हणजे जवळपास एक लिटर. लिअर यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की रक्त फार सावकाश आलं, दाट होतं, आणि पेशंटला भोवळ आली नाही. दिवसभरात पोटात काही गेलेलं नाही, आधीच बरंच रक्त वाहून गेलेलं. त्या दाट, सावकाश रक्ताचा अर्थ आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल: शरीरातलं पाणी आणि रक्त आटत चाललंय. त्या काळच्या समजुतीप्रमाणे मात्र भोवळ आली नाही म्हणजे शरीरात अजून जोर आहे, दाह अजून उतरलेला नाही.

आता आकडा. सकाळच्या पहिल्या वेळी लिअर यांच्या मते अर्धा पाइंट, म्हणजे ८ औंस, डॉक्टरांच्या निवेदनात १२ ते १४ औंस. पुढच्या दोन वेळा भरपूर, आणि मग हे ३२. बेरीज साधारण ८० औंस धरली जाते, म्हणजे जवळपास २.४ लिटर. आपल्या रक्तदान शिबिरात एका वेळी सहसा ३५० मिली घेतात, आणि तेही धडधाकट माणसाकडून, निदान तीन महिन्यांच्या अंतराने. त्या मापाने ह्या जवळजवळ सात पिशव्या, एका दिवसात, श्वास अडलेल्या माणसाच्या.

शिवाय कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा जुलाब, १० ग्रेन (सुमारे ६५० मिलीग्रॅम). वर वांतीसाठी टार्टर एमेटिक, हे अँटिमनीचं विषारी औषध. परिणाम एकच झाला, जुलाब. उरलंसुरलं पाणीही शरीराबाहेर गेलं.

आणखी रक्त काढण्याला डिक यांचा विरोध होता. डिक यांचे शब्द ब्राउन यांनी नंतर क्रेक यांना लिहिलेल्या पत्रात दिले आहेत: त्यांना सगळ्या ताकदीची गरज आहे, रक्त काढलं तर ती कमी होईल. क्रेक आणि ब्राउन याला घशातलं गळू समजत होते. डिक यांचं म्हणणं वेगळं होतं. घशाच्या आतल्या त्वचेला जहाल सूज आली आहे, वाट जवळजवळ बंद झाली आहे, आणि हे ताबडतोब आवरलं नाही तर मृत्यू ठरलेला आहे. म्हणून त्यांनी दुसरा उपाय सुचवला. सुजेच्या खाली श्वासनळीला भोक पाडा, हवा आत जाऊ द्या, तेवढ्यात सूज ओसरायला वेळ मिळेल. हे फसलं तर जबाबदारी आपण घेऊ असंही ते म्हणाले, अशी नोंद आहे.

क्रेक यांचं मन काही काळ डळमळलं म्हणतात. ब्राउन तयार झाले नाहीत. शेवटी दोघांनीही नको म्हटलं.

नको का म्हटलं

आज मागे वळून हसणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. श्वासनळीला छेद देण्याची कल्पना जुनी होती, तरी त्यातून वाचल्याच्या लिखित नोंदी तोवर मोजक्याच होत्या. भुलीचं औषध यायला अजून ४७ वर्षं होती. जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना रुजलेली नव्हती. डिसेंबरातली दुपार, खिडकीतून येणारा उजेड कमी होत चाललेला, पेशंट जागा, तळमळणारा, आणि पाती चालवायची ती राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाच्या गळ्यावर. छेद घेताना मृत्यू आला असता तर जगाने काय म्हटलं असतं? रक्त काढताना मृत्यू आला तर कुणी काही म्हणणार नव्हतं. रूढ उपाय फसला तर दोष आजाराचा, नवा उपाय फसला तर दोष डॉक्टरचा. वैद्यकीतला हा हिशेब आजही मोडलेला नाही.

त्यात क्रेक यांची मैत्री. वॉशिंग्टननी मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख युद्धातला सोबती आणि जुना जिवलग मित्र असा केला आहे. आपल्या माणसाच्या अंगाला नस्तर लावताना हात वेगळाच जड होतो. मी स्वतः शिकत असताना एका रात्री वॉर्डात उभा राहून, ‘सर, एकदा पुन्हा बघता का?’ एवढंच पुटपुटलो होतो. सरांनी बघितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. म्हणून डिक यांचं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलणं मला फार मोठं वाटतं.

एक गोष्ट आणखी विचार करायला लावते. डिक ज्यांच्याकडे शिकले ते बेंजामिन रश हे अमेरिकेतले रक्त काढण्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. १७९३ च्या फिलाडेल्फियातल्या पीतज्वरात त्यांनी शेकड्यांनी शिरा उघडल्या. पत्रकार विल्यम कॉबेट यांनी त्यावरून त्यांच्यावर जहरी टीका केली, रश यांनी बदनामीचा खटला भरला, आणि ज्युरीने रश यांना ५,००० डॉलर भरपाई दिली. निकालाची तारीख १४ डिसेंबर १७९९. फिलाडेल्फियात गुरूची बाजू कोर्टाने उचलून धरली, त्याच दिवशी माउंट व्हर्ननला शिष्य म्हणत होता की आता रक्त काढू नका. शिकवलेलं विसरून समोरचा पेशंट बघणं डिक यांना जमलं.

रात्र

साडेचारच्या सुमारास वॉशिंग्टननी मार्थाबाईंकडून दोन मृत्युपत्रं मागवली. एक जाळायला सांगितलं, दुसरं जपून ठेवायला. पाचनंतर तिन्ही डॉक्टर पलंगाजवळ आले, त्यांनी वॉशिंग्टनना उठवून बसवलं. ते म्हणाले, मी चाललो हे मला कळतंय, तुमचे आभार, पण आता माझ्यासाठी आणखी त्रास घेऊ नका, शांतपणे जाऊ द्या. रात्री आठला पायांना गव्हाच्या कोंड्याची पोटिसं आणि लेप लावले गेले. हे अखेरचे उपाय.

ख्रिस्तोफर शील्स हा गुलाम हुजऱ्या सकाळपासून पलंगाशेजारी उभा होता. दुपारी कधीतरी वॉशिंग्टनचं लक्ष गेलं आणि त्यांनी खुणेने त्याला बसायला सांगितलं. तो मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीकडून आलेला, त्यामुळे गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या मृत्युपत्राचा त्याला काहीच उपयोग नव्हता.

दहाच्या सुमारास शेवटचं बोलणं लिअर यांच्याशी झालं. मला नीट पुरा, आणि मेल्यावर तीन दिवसांच्या आत दफनघरात ठेवू नका. जिवंतपणी पुरलं जाण्याची भीती त्या काळी खूप जणांना असायची. शेवटी थोडा वेळ श्वास हलका झाला. ते स्वतःची नाडी बघत होते. मग हात मनगटावरून खाली पडला. क्रेक यांनी त्यांचे डोळे मिटले. दहा आणि अकराच्या मधली वेळ.

दुसऱ्या दिवशी शवपेटी बनवायची म्हणून माप घ्यायचं काम डिक यांच्याकडे आलं. लांबी ६ फूट साडेतीन इंच. १८ तारखेला दफन झालं, तेव्हा मेसन विधीही त्यांनीच चालवले.

आज काय झालं असतं

बहुतेक अभ्यासक या आजाराला एपिग्लॉटायटिस म्हणतात. श्वासनळीच्या तोंडावर एक पानासारखं झाकण असतं, ते सुजतं. गिळता न येणं, आवाज बसणं, आडवं पडलं की गुदमरणं, सतत कुस बदलावीशी वाटणं, ही सगळी लक्षणं लिअर यांच्या रोजनिशीत एकेक करून उतरली आहेत. अशा पेशंटला गुळण्या करायला लावणं, मान मागे टाकायला लावणं किंवा घशात काही घालून बघणं आज निषिद्ध मानतात. त्याला बसतं ठेवतात, ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, भूलतज्ज्ञ नळी घालतो आणि घशाचा सर्जन हातात पाती घेऊन शेजारी उभा राहतो. नळी गेली नाही तर छेद. म्हणजे डिक यांनी मागितलेलं तेच. मुलांमधल्या या आजाराचं मोठं कारण असलेल्या हिब जंतूविरुद्धची लस आपल्याकडे बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून मिळते.

दुपारी साडेतीनला छेद दिला असता तर ते वाचले असते का? माझं प्रामाणिक मत, शक्यता कमी होती. तोवर फार रक्त गेलं होतं. सकाळी नवाला, पहिल्या शिरेनंतर लगेच, हवेला वाट करून दिली असती तर गोष्ट वेगळी होती. पण डिक यांना बोलावणंच अकराला गेलं.

गावचा डॉक्टर

पुढची २५ वर्षं डिक अलेक्झांड्रियातच राहिले. १८०३ मध्ये गावात पीतज्वर पसरला, त्याचा वृत्तांत त्यांनी वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहिला. क्वारंटाइन, पीतज्वर आणि पाठोपाठ महापौरपद, हे सगळं एकाच धाग्यातलं दिसतं. त्या काळी जहाज नदीत अडवून ठेवणं म्हणजे व्यापाऱ्याचा माल कुजवणं. बाजारपेठेवर जगणाऱ्या गावात असा हुकूम अमलात आणणाऱ्याला मित्र मिळत नाहीत. १७९३ च्या साथीत फिलाडेल्फियाची सुमारे ५,००० माणसं गेली होती, आणि डिक यांच्या पिढीतल्या डॉक्टरांनी तो धडा डोळ्यांदेखत घेतला होता.

उतारवयात ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेले. लष्करी बाणा गेला, मेसनांशी संबंध तुटला, गुलाम त्यांनी मुक्त केले. १८२५ मध्ये वारले. क्वेकरांच्या दफनभूमीत त्यांना पुरलं, त्यांच्या रिवाजाप्रमाणे दगडाविना.

कागद

मृत्यूनंतर काही दिवसांत डॉक्टरांचं अधिकृत निवेदन तयार झालं आणि अलेक्झांड्रियाच्या वर्तमानपत्रात छापून आलं. कोणती औषधं, किती ग्रेन, किती औंस, सगळं त्यात आहे. चौथ्या वेळी रक्त काढायचं सहमतीने ठरलं असंही आहे. श्वासनळीच्या छेदाचा शब्दही नाही. खाली सह्या दोन. उपचार करणारे डॉक्टर म्हणून जेम्स क्रेक, सल्लागार म्हणून एलिशा डिक.

डिक यांनी सही का केली असेल, यावर मी बराच विचार केला आहे. देश शोकात होता. क्रेक ६९ वर्षांचे, मित्र गमावलेले. त्या कागदावर वाद मांडणं म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसावर वर्तमानपत्रातून ठपका ठेवणं. खोलीत त्यांनी ठामपणे सांगितलं, बाहेर मात्र सहकाऱ्यांची साथ सोडली नाही. माणूस म्हणून हे मला समजतं. नोंद म्हणून ती कमतरता आहे, कारण पुढचा डॉक्टर शिकतो तो नोंदीवरून.

आपल्याला डिक यांचं मत मुख्यतः कळतं ते ब्राउन यांच्या २ जानेवारी १८०० च्या पत्रातून. छेदाला नकार देणारे ब्राउन, आणि त्या निवेदनावर सही नसलेलेही तेच. क्रेक यांना त्यांनी लिहिलं, डिक यांचं ऐकून आणखी रक्त काढलं नसतं तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता. पण आपल्याजवळ होता तेवढ्या उजेडात आपण वागलो, आपल्याला ते बरोबर वाटत होतं.